उदीम बुडाला त्या दोन आषाढी

आषाढ शुद्ध एकादशीस चंद्रभागेच्या वाळवंटी वैष्णवांचा जो मेळा भरतो, त्याच्या भक्तिसुखाचे वर्णन अशा पानांतून दरवर्षी होत असते, आणि ते व्हावयासच हवे. परंतु त्याच मेळ्यावर पंढरीतील सहस्रावधी चुलीही पेटत असतात, ही गोष्ट भाविकांच्या सहसा ध्यानी येत नाही. तुळशीकाष्ठाच्या माळा करणारे काशीकापडी, बुक्का-अष्टगंध विकणारे, चुरमुरे-बत्ताशांचे दुकानदार, टाळ-मृदंगांचे कारागीर, होड्या वल्हविणारे कोळी बांधव, टांगेवाले, यात्रेकरूंना खोल्या देणारी घरे आणि आम्ही हरिदास मंडळी, या सर्वांचे वर्ष चैत्री, आषाढी, कार्तिकी आणि माघी या चार वाऱ्यांच्या खुंट्यांना टांगलेले. त्यांतही आषाढी मोठी. आषाढीचा गल्ला बरा झाला, तर मुलांची पुस्तके, घराची डागडुजी, दिवाळीचा फराळ, सारे काही त्यातून निघते.

मार्च २०२० च्या मध्यास श्रीविठ्ठलाचे मंदिर दर्शनासाठी बंद झाले आणि २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी लागू झाली. चैत्री गेली. १ जुलैची आषाढी आली, तेव्हा नगरीत संचारबंदी होती. ज्या पादुका शतकानुशतके पायी वाटचाल करीत येतात, त्या मोजक्या वारकऱ्यांसमवेत एस. टी. च्या बसमधून दशमीस पंढरीत दाखल झाल्या. कार्तिकीही तशीच सुनी गेली. त्या वर्षीच्या बलिप्रतिपदेस, १६ नोव्हेंबरला, मंदिरे उघडली, एप्रिल २०२१ मध्ये पुन्हा बंद झाली, आणि २० जुलै २०२१ ची आषाढीही पालख्यांच्या बसगाड्यांनीच साजरी झाली. ७ ऑक्टोबर २०२१ च्या घटस्थापनेस दारे कायमची उघडली खरी, परंतु पायी वारी पूर्ववत् झाली ती २०२२ साली. म्हणजे मालाने भरलेल्या दुकानांवर दोन आषाढी कोरड्या गेल्या.

ही केवळ पंढरीची कथा नव्हती. सेंटर फॉर मॉनिटरिंग इंडियन इकॉनॉमी या संस्थेच्या अंदाजाप्रमाणे एकट्या एप्रिल २०२० मध्ये देशात बारा कोटींहून अधिक लोकांची कामे गेली, आणि त्यांतील नऊ कोटींवर लोक छोटे व्यापारी व रोजंदारीवर पोट भरणारे होते. आकडा एवढा मोठा की मनात मावत नाही. म्हणून आपण आपल्या आळीपुरतेच बोलू.

पोटाची सोय त्या काळात काही प्रमाणात झाली, हे कृतज्ञतेने नमूद केले पाहिजे. शिधापत्रिकेवर माणशी पाच किलो धान्य मोफत मिळू लागले. शिवभोजनाची दहा रुपयांची थाळी पाच रुपयांस झाली आणि पुढे २०२१ मध्ये काही काळ विनामूल्यही मिळाली. कर्जाच्या हप्त्यांना ऑगस्ट २०२० अखेरपर्यंत सवलत होती. व्याज मात्र चढतच होते. परंतु जे भुकेने झाले नाही ते चिंतेने आणि लाजेने केले. त्याविषयी बोलावे, अशी बरेच दिवस मनात इच्छा होती.

संस्कृतात ‘वृत्ति’ हा शब्द मोठा अर्थपूर्ण आहे. अमरसिंहाने आपल्या कोशात उपजीविकेचे जे पर्याय दिले आहेत, त्यांत ‘वृत्ति’ आहे. आणि पतंजली ज्यांचा निरोध करावयास सांगतात त्या चित्ताच्या हालचालींनाही ‘वृत्ति’च म्हणतात. एकाच धातूपासून निघालेला हा एकच शब्द धंद्यालाही लागतो आणि मनाच्या अवस्थेलाही. आपल्या पूर्वजांनी योजून असे केले, असा माझा दावा नाही. शब्द आपल्या वाटेने वाढत जातात. तथापि एक वृत्ती गेली की दुसरी ढळते, हे आम्ही त्या दोन वर्षांत डोळ्यांनी पाहिले. मनुष्य नुसता पगार गमावत नाही. सकाळी उठून कोठे जावयाचे ते ठिकाण गमावतो, आणि ‘आपण काय करता?’ या प्रश्नाचे उत्तर गमावतो.

आमच्या परिचयातील एक गृहस्थ पुण्याकडे एका कारखान्यात हिशेबनीस होते. २०२० च्या पावसाळ्यात त्यांना कामावरून कमी केले. ते गावी परतले आणि घरच्यांना म्हणाले, ‘इकडच्याच एका पेढीत काम मिळाले आहे.’ रोज सकाळी डबा घेऊन निघत आणि दिवसभर घाटाच्या पायऱ्यांवर बसून संध्याकाळी घरी येत. महिनाअखेरीस पत्नीच्या हाती जे पैसे ठेवीत, ते भविष्यनिर्वाह निधीतून काढलेले असत. असे चार महिने चालले. पत्नीला हे दुसऱ्याच महिन्यात उमगले होते. डबा कधी न उघडताच परत येई, आणि चपलांना वाळवंटाची रेती लागलेली असे. तरीही ती बिचारी बोलली नाही, कारण त्यांना काय वाटेल याची तिला भीती! एका छपराखाली दोन जीव एकमेकांना सांभाळण्यासाठी एकमेकांपासून लपत होते.

वाचकहो, ही कथा आपल्या परिचयाची आहे. महाभारताच्या वनपर्वात युधिष्ठिर बृहदश्व ऋषींना विचारतो की, माझ्याहून अभागी राजा कोणी झाला आहे काय? उत्तरादाखल ऋषी त्याला नलाची कथा सांगतात. आपण ती हंसासाठी आणि स्वयंवरासाठी ऐकतो. कीर्तनातही रंग भरतो तो तेथेच. पण तिचा गाभा पुढे आहे. राज्य हरलेला नल एकवस्त्रानिशी दमयंतीसह अरण्यात हिंडत आहे, आणि तिला पुनःपुन्हा विदर्भाची, म्हणजे तिच्या माहेरची, वाट दाखवीत आहे. ती म्हणते, जावयाचे तर दोघे मिळून जाऊ, माझे वडील आपला मान राखतील. नल म्हणतो, ज्या घरी वैभवात गेलो, तेथे या दशेत कसा जाऊ? आणि त्या रात्री ती निजलेली असता तिचे अर्धे वस्त्र कापून घेऊन तो निघून जातो. द्यूताने त्याचे राज्य नेले. पत्नी मात्र लाजेने नेली. ती दमयंतीला नको होती म्हणून नव्हे; ती तर दुःखातही त्याचा हात धरून उभी होती. त्याला तिच्या दृष्टीस पडवेना, एवढेच.

पुढे हाच नल बाहुक नावाने अयोध्येच्या ऋतुपर्णाकडे सारथ्य करतो, पाकशाळेत राबतो. राजाने घोडे हाकावेत, अन्न रांधावे, यात व्यासांना काही उणेपणा वाटलेला दिसत नाही. उलट त्याचे ते हातचे कसबच त्याला दमयंतीपर्यंत परत आणते. त्याने रांधलेल्या अन्नाच्या चवीवरून ती त्याला ओळखते. तिचे ते माहेर कुंडिनपूर म्हणजे वर्धेच्या काठचे आपले कौंडिण्यपूर. रुक्मिणीमातेचेही माहेर तेच, आणि तेथून तिची पालखी पंढरीस येते. २०२० साली बसने आलेल्या मानाच्या पालख्यांत तीही होती.

आता एक कटू गोष्ट बोलतो. त्या काळात काही व्यासपीठांवरून, आणि दूरध्वनीवरून चालणाऱ्या प्रवचनांतूनही, असे ऐकू येत होते की ज्याचे जे गेले ते त्याच्या प्रारब्धाचे फळ होय. शास्त्राची थोडी ओळख असलेला म्हणून मी हे मानीत नाही. प्रारब्धाचा विचार मनुष्याने स्वतःच्या मनास शांत करण्यासाठी करावयाचा असतो. दुसऱ्याच्या दारात उभे राहून त्याला त्याचे प्रारब्ध ऐकवणे हा धर्म नव्हे, ती निष्ठुरता आहे. विषाणूने बाजार बंद पडला, त्यात माळ करणाऱ्याचा काय अपराध?

या प्रसंगी मन वारंवार देहूकडे जाई. सतराव्या शतकात, शके १५५१ च्या सुमारास, जो घोर दुष्काळ पडला, त्यात तुकोबारायांच्या घरचा उदीम बुडाला. घराणे प्रतिष्ठित; महाजनकी, सावकारी, वाण्याचे दुकान सारे होते. बघता बघता गुरे मेली, दिवाळे निघाले, पहिली पत्नी अन्नावाचून गेली. हे परक्या चरित्रकाराने रंगवून सांगितलेले नाही; महाराजांनी स्वतःच्या अभंगांत हे सांगितले आहे, आणि सांगताना आपल्याला लोकांची लाज वाटली हेही लपविले नाही. आम्ही कीर्तनकार या भागावरून फार लवकर पुढे सरकतो. श्रोत्यांना वैकुंठगमन हवे असते. पण ज्या घरात नुकताच कामावरून काढल्याचा कागद आला आहे, त्या घराला आधी हे तुकोबा भेटले पाहिजेत, जे दिवाळखोर झाले आणि ज्यांना तोंड दाखवावेसे वाटेना.

त्यांनी मग केले काय? एकदम साक्षात्कार झाला, असे ते सांगत नाहीत. मोडकळीस आलेले वडिलोपार्जित देऊळ दुरुस्त करावयास घेतले. एकादशीस कीर्तन करू लागले; आरंभी अभ्यासात चित्त लागत नव्हते, हेही मोकळेपणी सांगतात. संतांची वचने पाठ केली. पुढे गाणारे असत, त्यांच्या मागे उभे राहून ध्रुपद धरले. हाताला काम, मुखाला पाठांतर आणि चार माणसांत दुसऱ्या रांगेतली जागा. खचलेल्या मनाच्या उपचाराविषयी आजचे वैद्य ज्या गोष्टी सांगतात, त्यांहून हे फार वेगळे नाही.

आणि मग ती खतांची कथा. घरच्या सावकारीचे कर्जरोखे होते. परंपरा सांगते की, धाकटे बंधू कान्होबा यांचा निम्मा वाटा त्यांना देऊन महाराजांनी स्वतःच्या वाट्याचे कागद इंद्रायणीत सोडले. यातील बंधूंचा भाग मला फार मोलाचा वाटतो. आपल्या वैराग्याचा भार त्यांनी भावावर टाकला नाही. त्याचा संसार त्याला चालवावयाचा होता. २०२१ मध्ये आमच्या पेठेतील एका घरमालकाने दुकानाचे आठ महिन्यांचे भाडे सोडून दिले. विचारले तेव्हा म्हणाला, ‘महाराज, सगळे सोडले नाही. निम्मे सोडले. माझीही मुलगी लग्नाची आहे.’ त्याला खतांची कथा ठाऊक होती की नाही, कोण जाणे.

देणाऱ्याचे हे झाले. घेणाऱ्याची अडचण अधिक. शिधा घ्यावयास रांगेत उभे राहण्यापेक्षा उपास पत्करणारी घरे आमच्या गावात होती. त्यांना मी छांदोग्य उपनिषदातील उषस्ति चाक्रायणाची गोष्ट सांगत असे. कुरुदेशात पिके नष्ट झाली होती. हा विद्वान ब्राह्मण पत्नीसह दीन होऊन हिंडत होता. हत्ती बाळगणारा एक मनुष्य कुळीथासारखे हलके धान्य खात होता. उषस्तीने त्याच्याकडे तेच उष्टे मागितले आणि खाल्ले. त्याने पाणी पुढे केले, तेव्हा मात्र उषस्ति म्हणाला, हे उष्टे होईल. मग धान्य उष्टे नव्हते काय? त्यावर त्याचे उत्तर असे की, ते न खातो तर मी जगलो नसतो. पाणी मला हवे तेथे मिळेल. उरलेले दाणे त्याने पत्नीसाठी नेले. तिने ते जपून ठेवले. दुसऱ्या दिवशी तेच खाऊन अंगी बळ आले, तेव्हा तो राजाच्या यज्ञात गेला आणि तेथे त्याला काम मिळाले. ज्या घरी ही कथा सांगितली, तेथील आजीबाई सुनेला म्हणाल्या, ‘ऐकलेस ना? पिशवी काढ.’

डबेवाल्या गृहस्थांचे पुढे काय झाले, ते राहिले. दिवाळीच्या आदल्या आठवड्यात पत्नीने डबा न भरता देवासमोर वही ठेवली, शेजारी दागिन्यांची डबी ठेवली, आणि म्हणाली, ‘आज येथेच बसून हिशेब करू. आपल्याइतका हिशेब कोणाला येतो?’ ते खूप रडले, असे त्यांनीच मला सांगितले. संध्याकाळी मुलांनाही सांगितले. थोरल्याने शिकवणी बंद करतो म्हटले. त्याला आईने नाही म्हटले. आज ते तीन दुकानांचे हिशेब लिहितात. पुण्याचा पगार परत आला नाही, आणि एक कर्ज अजून फिटावयाचे आहे.

सर्वांची गोष्ट अशी वळत नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२१ च्या अहवालात आत्महत्या केलेल्यांत चौघांपैकी एक रोजंदारीवर जगणारा होता. आणि महाराष्ट्राची संख्या सर्व राज्यांत अधिक होती. म्हणून एक गोष्ट स्पष्ट लिहितो. घरातील कोणी अबोल झाला, झोपेनासा झाला, देणेकऱ्यांची नावे पुटपुटू लागला, ‘माझ्यामागे तुमचे बरे होईल’ असे म्हणाला, तर त्याला केवळ नामस्मरण सांगून थांबू नये. त्याला एकटे ठेवू नये आणि डॉक्टरांकडे न्यावे. ‘टेलि-मानस’ ही शासनाची सेवा ऑक्टोबर २०२२ पासून आहे. १४४१६ या क्रमांकावर मराठीतूनही बोलता येते व पैसे पडत नाहीत. नाम त्याच्या शेजारी बसून आपण घ्यावे.

माझ्या साथीला संवादिनी वाजविणारे गृहस्थ त्या पहिल्या उन्हाळ्यात भाजीची हातगाडी लावू लागले. रामनवमीची सुपारी गेली, सप्ताह गेले, चातुर्मास गेला. प्रथम ते आमची गल्ली टाळीत. सौभाग्यवतींनी एकदा मागच्या गल्लीत गाठून त्यांच्याकडून मेथी घेतली, दोन रुपयांसाठी घासाघीसही केली, आणि तेव्हापासून ते दारात येऊ लागले. कीर्तने पूर्ववत् सुरू झाली, तरी त्यांनी गाडी बंद केली नाही. भाजी संपावयास सात वाजतात, म्हणून आमचे कीर्तन आता साडेसहाऐवजी साडेसातास उभे राहते.