जनसंपर्क सल्लागार संस्था, आपत्प्रसंगीची

अपघात, प्रदूषण, संप, हिंसाचार, न्यायालयीन वाद किंवा गैरव्यवहाराचा आरोप यांसारख्या प्रसंगी एखाद्या कंपनीस, शासकीय खात्यास अथवा सार्वजनिक संस्थेस लोकांशी करावयाच्या व्यवहारासंबंधी सल्ला देणारी व तिचा लौकिक टिकविण्यास साहाय्य करणारी व्यावसायिक संस्था. अशी संस्था निवेदने तयार करते, वार्ताहरांना माहिती पुरविते, लोकमताचा कानोसा घेते आणि प्रवक्त्यांना प्रश्नोत्तरांसाठी तयार करते. जाहिरातीसाठी जागा विकत घेता येते. जनसंपर्कात विश्वास संपादन करावा लागतो व तो मूळ वर्तनावर अवलंबून असतो. म्हणून अशा संस्थेची निवड हा केवळ खरेदीचा व्यवहार नसून धोरणाचा प्रश्न ठरतो. [⟶ जनसंपर्क, जाहिरात].

इतिहास : हा व्यवसाय अमेरिकेत विसाव्या शतकाच्या प्रारंभी उदयास आला. आयव्ही लेडबेटर ली (१८७७–१९३४) याने १९०६ मध्ये आपल्या व्यवसायाची तत्त्वे जाहीर केली. वृत्तपत्रांना उघडपणे व अचूक माहिती देणे हे त्यांचे सार होते. त्याच वर्षी पेनसिल्व्हेनिया रेल्वेच्या अपघातानंतर त्याने माहिती दडविण्याऐवजी वार्ताहरांना ती पुरविली. तथापि त्याच्याच कारकीर्दीत या व्यवसायाची दुसरी बाजूही दिसून आली. कोलोरॅडोतील लडलो येथे २० एप्रिल १९१४ रोजी संपकरी खाणकामगारांच्या तंबूंवर हल्ला होऊन स्त्रिया व मुलांसह अनेकजण मृत्यू पावले. त्यानंतर खाणमालक रॉकफेलर घराण्यासाठी लीने काढलेल्या पत्रकांत कामगारपुढाऱ्यांच्या वेतनाचे आकडे चुकीचे आढळले. कंपनीने पुरविलेली माहिती आपण पडताळून पाहिली नव्हती, असे त्यास चौकशी आयोगापुढे सांगावे लागले. या प्रसंगामुळे खाणमालकांचा लौकिक सुधारण्याऐवजी सल्लागाराचाच लौकिक डागाळला.

याउलट १९८२ मध्ये शिकागो परिसरात टायलेनॉल या औषधाच्या कुप्यांत अज्ञात व्यक्तीने सायनाइड मिसळल्याने सात जण दगावले, तेव्हा जॉन्सन अँड जॉन्सन कंपनीने सु. ३·१ कोटी बाटल्या बाजारातून परत घेतल्या व नंतर छेडछाड ओळखता येईल असे वेष्टन प्रचारात आणले. आपत्प्रसंगी वक्तव्यापेक्षा कृती प्रभावी ठरते, याचे हे उदाहरण मानले जाते. ग्रेट ब्रिटनमधील बेल पॉटिंजर या ख्यातनाम संस्थेस दक्षिण आफ्रिकेत वांशिक तेढ वाढविणारी प्रचारमोहीम चालविल्याबद्दल २०१७ मध्ये ब्रिटनमधील व्यावसायिक संघटनेने काढून टाकले आणि लवकरच ती संस्था बंद पडली.

भारतात टाटा उद्योगसमूहाने १९४३ मध्ये मुंबईत जनसंपर्क विभाग सुरू केला. पब्लिक रिलेशन्स सोसायटी ऑफ इंडिया ही व्यावसायिकांची संघटना १९५८ मध्ये स्थापन झाली. २१ एप्रिल १९६८ रोजी दिल्ली येथील परिषदेत तिने आंतरराष्ट्रीय आचारसंहितेचा स्वीकार केला. सल्लागार संस्थांची स्वतंत्र संघटना २००१ मध्ये अस्तित्वात आली.

चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांतील परिस्थिती : सल्लागार संस्थेची निवड स्थानिक परिस्थितीवर कशी अवलंबून असते, हे महाराष्ट्राच्या पूर्व टोकावरील या दोन वनप्रधान जिल्ह्यांवरून स्पष्ट होते. २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूर जिल्ह्याचे विभाजन होऊन गडचिरोली जिल्हा निर्माण झाला. चंद्रपूर जिल्ह्यात कोळशाच्या खाणी, सिमेंटचे कारखाने, बल्लारपूरचा कागद कारखाना व महाऔष्णिक विद्युत् केंद्र आहे. तेथेच ताडोबाचे व्याघ्रक्षेत्रही आहे. गडचिरोलीत वनाच्छादन मोठे असून २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्येत अनुसूचित जमातींचे प्रमाण सु. ३९ टक्के होते.

येथील लौकिकाचे प्रश्न बहुधा भूमी, जल, वने व जीवित यांच्याशी निगडित असतात. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ मध्ये जाहीर केलेल्या प्रदूषण निर्देशांकात चंद्रपूरला ८३·८८ गुण मिळाले व ते अतिप्रदूषित क्षेत्रांत गणले गेले. जानेवारी २०१० मध्ये अशा क्षेत्रांतील नव्या व विस्तारित उद्योगांच्या परवान्यांना तात्पुरती स्थगिती देण्यात आली. ताडोबानजीकच्या लोहारा येथील नियोजित कोळसा खाणीस स्थानिकांचा तीव्र विरोध होऊन २००९ मध्ये ती योजना बारगळली. एटापल्ली तालुक्यातील सुरजागडच्या टेकड्यांतील लोहखनिजाचा पट्टा लॉइड्स मेटल्स कंपनीस २००७ मध्ये मिळाला. या टेकड्यांवर स्थानिक माडिया लोकांचे श्रद्धास्थान असलेला ठाकूरदेव आहे. डिसेंबर २०१६ मध्ये माओवाद्यांनी तेथे ७० हून अधिक वाहने जाळली. पुढे उत्खनन वाढत गेले. रोजगार मिळाल्याचे समाधान आणि वन, शेती व रस्ते यांच्या हानीची तक्रार अशा दोन्ही प्रतिक्रिया एकाच परिसरात व्यक्त झाल्या. अशा ठिकाणी ‘लोकमत’ एकसंध नसते, ही गोष्ट सल्लागाराने प्रथम ध्यानी घ्यावी लागते.

निवडीचे निकष : सल्लागार नेमण्यापूर्वी संस्थेने स्वतःची गरज निश्चित करणे आवश्यक असते. प्रश्न गैरसमजाचा आहे की प्रत्यक्ष हानीचा, हे ठरविल्याशिवाय योग्य संस्था निवडता येत नाही. राखेमुळे पीक खराब होत असेल, तर प्रथम राखेचा बंदोबस्त व नुकसानभरपाई आवश्यक असते. निवेदनाचे स्थान त्यानंतरचे असते. सर्वसाधारण प्रसिद्धीत निष्णात असलेली संस्था आपत्प्रसंगी उपयोगी पडेलच, असे नाही.

सत्यशोधन हा दुसरा निकष होय. ग्राहकाने पुरविलेली माहिती स्वतंत्रपणे तपासण्याची तयारी आणि अप्रिय सल्ला देण्याचे धैर्य संस्थेजवळ असावे लागते. प्रतिकूल बातमी हमखास दाबून टाकण्याचे आश्वासन देणारी संस्था याच कारणास्तव टाळणे श्रेयस्कर असते. पूर्वीच्या ग्राहकांकडून तिने बातम्या किती छापून आणल्या यापेक्षा कोणता सल्ला दिला व त्याचा परिणाम काय झाला, याची चौकशी करावी.

भाषा व पोहोच यांना या प्रदेशात विशेष महत्त्व आहे. मराठीखेरीज गोंडी व माडिया, सिरोंचा भागात तेलुगू, पूर्वेकडील सीमेलगत छत्तीसगढी आणि पूर्व पाकिस्तानातून आलेल्या निर्वासितांच्या वसाहतींत बंगाली बोलली जाते. मुंबईत इंग्रजीत लिहून मराठीत उतरविलेले पत्रक नागपूरच्या दैनिकांत छापून येईल. परंतु माडिया वस्तीपर्यंत त्याचा आशय पोहोचेलच, असे नाही. पावसाळ्यात पर्लकोटा नदीस पूर आला, की भामरागडचा संपर्क तुटतो. त्यामुळे आठवडी बाजार, ग्रामसभा, आकाशवाणी, शिक्षक व आरोग्यसेवक या मार्गांचा विचार असलेली योजना येथे उपयुक्त ठरते.

कायद्याचे ज्ञान हा आणखी एक निकष होय. १४ सप्टेंबर २००६ च्या पर्यावरणीय आघात अधिसूचनेनुसार प्रकल्पाचा सारांश स्थानिक भाषेत द्यावा लागतो व जनसुनावणीची सूचना किमान तीस दिवस आधी प्रसिद्ध करावी लागते. सुनावणीचे ध्वनिचित्रमुद्रण केले जाते. गडचिरोली जिल्ह्याचा मोठा भाग संविधानाच्या पाचव्या अनुसूचीत मोडत असल्याने तेथे १९९६ चा पंचायत विस्तार कायदा लागू आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गावाने २००९ मध्ये सु. १,८०० हे. वनावर सामूहिक हक्क मिळविला आणि २०११ मध्ये बांबूच्या वाहतूक परवान्यांचा अधिकारही प्राप्त करून घेतला. ओडिशातील नियमगिरी प्रकरणी सर्वोच्च न्यायालयाच्या १८ एप्रिल २०१३ च्या निर्णयानंतर बारा ग्रामसभांनी खाणीस नकार दिला. जनसंपर्क हा ग्रामसभेच्या निर्णयास पर्याय होऊ शकत नाही, हे यावरून स्पष्ट होते. सुनावणीस मोजके समर्थक जमविणे किंवा विरोधकांस सरसकट माओवादी ठरविणे असा सल्ला देणारी संस्था ग्राहकास कायद्याच्या व नीतीच्या दृष्टीने अडचणीत आणते.

व्यक्तींची सुरक्षितता ही या जिल्ह्यांतील गंभीर बाब होय. पोलिसांचे खबरे असल्याच्या संशयावरून माओवाद्यांनी येथे अनेक ग्रामस्थांच्या हत्या केल्या आहेत. दुसरीकडे, विरोध करणाऱ्यांवर माओवाद्यांशी संबंध असल्याचा संशय घेतला गेला आहे. प्रसिद्धीपत्रकातील एखाद्या छायाचित्राने वा नावाने त्या ग्रामस्थाचा जीव धोक्यात येऊ शकतो. म्हणून संबंधितांची समजून-उमजून दिलेली संमती घेण्याची व आवश्यक तेथे ओळख न देण्याची पद्धत संस्थेकडे आहे काय, हे पाहावे लागते.

नेमणुकीची पद्धत व करार : सामान्यतः तीन-चार संस्थांकडून लेखी प्रस्ताव मागवून त्यांना एखादा कल्पित प्रसंग सोडविण्यास देतात, उदा., खनिज वाहून नेणाऱ्या ट्रकच्या अपघातात शाळकरी मुलाचा मृत्यू झाला असता पहिल्या सहा तासांत काय करावे. जी संस्था प्रथम कुटुंबाची भेट, वैद्यकीय साहाय्य व वाहतूक थांबविणे यांचा विचार करते आणि नंतर वार्ताहरांचा, ती या कामास अधिक योग्य समजावी. प्रस्ताव मांडणारे ज्येष्ठ अधिकारीच प्रत्यक्ष काम पाहणार काय, रात्री-अपरात्री कोण उपलब्ध असेल आणि संस्था प्रतिस्पर्धी कंपनीचे वा परवाना देणाऱ्या खात्याचे काम करते काय, याचीही खातरजमा करतात.

शुल्क मासिक अथवा प्रसंगानुसार ठरते. करारात गोपनीयता, निवेदनास अंतिम मान्यता देणारा अधिकारी, मुदत व समाप्तीच्या अटी नमूद करतात. वार्ताहरांस पैसे वा भेटवस्तू देणे आणि बनावट नावांनी मजकूर प्रसृत करणे यांस स्पष्ट मनाई असावी. कामाचे मूल्यमापन बातम्यांच्या लांबी-रुंदीवरून न करता तक्रारींचे निवारण किती झाले, दिलेली आश्वासने कितपत पाळली गेली व चुकीची माहिती किती लवकर दुरुस्त झाली, यांवरून करणे अधिक विश्वसनीय ठरते. लहान संस्था, सहकारी सोसायट्या व ग्रामपंचायती यांना बाहेरील सल्लागार परवडत नाही. त्यांनी एक जबाबदार प्रवक्ता, तपासलेल्या माहितीची नोंदवही व तक्रार ऐकण्याचा ठराविक दिवस एवढी व्यवस्था केली, तरी आपत्प्रसंगी तिचा चांगला उपयोग होतो.