गीत विकावे की भाड्याने द्यावे?

गेल्या भाद्रपदातील गोष्ट. टी. टी. नगरातील आमच्या सरकारी क्वार्टरच्या ओट्यावर एक माजी विद्यार्थी येऊन बसला. आज तो संगीतशिक्षक आहे. त्याने पूर्वीच रचलेल्या एका गीताला दूरचित्रवाणी मालिकेसाठी मागणी आली होती. “सर, रक्कम बरी देतात, सही करू का?” असे म्हणून त्याने करारपत्र आमच्यापुढे ठेवले.

ते वाचताना आम्हांस आमचीच एक जुनी सही आठवली. तरुणपणी आम्ही दोन भक्तिगीते एका कॅसेटवाल्यास पाचशे रुपयांना देऊन टाकली होती. पुढे ती गणपतीच्या मांडवांतून ऐकू आली. आमचे नाव मात्र कोठेच नव्हते. दोष कोणाला द्यावा? न वाचता सही आम्हीच केली होती.

वाचकहो, गीत हे घरासारखे आहे. विकले की पैसे एकदाच. भाड्याने दिले की मालकी आपली राहते आणि उत्पन्नही येत राहते. हे भाडे म्हणजेच वापराचा परवाना. रचनाकाराचा स्वामित्वहक्क त्याच्या हयातीत व मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो. म्हणजे हे घर नातवंडांपर्यंत पोहोचते.

चित्रपटगीतांच्या बाबतीत मात्र दीर्घकाळ निराळेच चालले. मोबदला देऊन चित्रपटासाठी रचून घेतलेल्या गीताचा प्रथम मालक, वेगळा करार नसल्यास, निर्माताच, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९७७ साली दिला. हे चित्र २०१२ च्या कायदेदुरुस्तीने पालटले. तिच्यासाठी राज्यसभेत आग्रहाने बोलले ते जावेद अख्तर, आपल्या भोपाळच्या सैफिया महाविद्यालयाचे एके काळचे विद्यार्थी. आता चित्रपटगृहातील खेळ वगळता चित्रपटगीताच्या अन्य वापराच्या रॉयल्टीत गीतकार-संगीतकारांना हक्कधारकाच्या बरोबरीचा वाटा आहे. वारस किंवा रचनाकारांची नोंदणीकृत संस्था यांखेरीज हा वाटा कोणास लिहून देता येत नाही. दिला तरी तो करार निरर्थक ठरतो.

१९६९ साली मुंबईत स्थापन झालेली इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी ही रॉयल्टी गोळा करून सभासदांना वाटते. सभासदाने आपले प्रत्येक गीत तिच्याकडे नोंदवले पाहिजे; एरवी पैसा कोणाचा, हे तिला कळावे कसे?

आमच्या विद्यार्थ्याच्या करारात ‘कायमचे, जगभर, सर्व माध्यमांत’ असे शब्द होते. मुदत लिहिली नसेल तर कायदा ती पाच वर्षे धरतो, प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरता. परंतु येथे दोन्ही स्पष्ट लिहिले होते. “केवळ या मालिकेपुरता, पाच वर्षांचा परवाना दे आणि श्रेयनामावलीत नाव माग,” असे आम्ही सुचवले. त्याच्या डोक्यावर घराचा हप्ता होता. त्यामुळे सांगताना आमचाही जीव खालीवर होत होता. पंधरा दिवसांनी निरोप आला, परवाना मान्य, पण रक्कम निम्मी. त्याने ती घेतली.

त्याने योग्य केले की नाही, हे पुढील वर्षेच सांगतील. गीत वाजले तरच भाडे येणार. घरबसल्या पैशाची हमी कोणीच देत नाही. परंतु गीत अद्याप त्याचे आहे.

आपल्या घराघरांतून उत्सवासाठी गीते रचणारे पुष्कळ आहेत. त्यांनी प्रत्येक गीत तारखेनिशी लिहून ठेवावे आणि सही करण्यापूर्वी करार कोणा जाणत्यास दाखवावा, एवढीच आमची विनंती.