पोस्टग्रेसचं पाव शतक: कष्ट हलके झाले, जबाबदारी तशीच

जून १९९९ मध्ये पोस्टग्रेसची ६.५ ही आवृत्ती आली. तोवर टेबलवर कुणी लिहीत असेल तर वाचणाऱ्याला ताटकळावं लागे. ओळ बदलताना जुनी तशीच ठेवून नवी वेगळी लिहायची, ही पोस्टग्रेसची मूळचीच रीत. तिचा उपयोग करून ६.५ने प्रत्येक ट्रॅन्झॅक्शनला त्याच्या वेळचा डेटा दाखवायला सुरुवात केली आणि वाचणारे व लिहिणारे एकमेकांच्या वाटेतून दूर झाले. ही सोय फुकट नव्हती. मागे राहिलेल्या मृत ओळी कुणीतरी साफ करायच्या होत्या, आणि पुढची कित्येक वर्षं डीबीएचं काम या साफसफाईभोवतीच फिरत राहिलं.

तेव्हा ही साफसफाई करणारा व्हॅक्यूम चालवला की अख्खं टेबल लॉक होई. म्हणून ते काम रात्रीचं. फेब्रुवारी २००२ मध्ये आलेल्या ७.२ने ही अडचण दूर केली आणि साफसफाई चालू कामकाजासोबत होऊ लागली. २००५च्या ८.१मध्ये ऑटोव्हॅक्यूम डेटाबेसच्या गाभ्यात आला आणि २००८च्या ८.३पासून तो आपोआप सुरू राहू लागला. तरीही ‘दिवसा लोड येतो’ म्हणून तो बंद करून ठेवण्याची सवय बरीच वर्षं टिकली, आणि ती घातक आहे. ट्रॅन्झॅक्शनचा क्रमांक ३२ बिटांचा असल्याने सुमारे २०० कोटी ट्रॅन्झॅक्शनच्या आत जुन्या ओळी ‘फ्रीझ’ व्हाव्याच लागतात. तसं झालं नाही तर डेटा वाचवण्यासाठी डेटाबेस नवं लिखाण घेणंच थांबवतो.

खरा उपाय उलट दिशेचा आहे. ऑटोव्हॅक्यूम साधारणपणे २० टक्के ओळी मृत झाल्यावर जागा होतो. दहा कोटी ओळींच्या टेबलवर याचा अर्थ दोन कोटी मृत ओळी साचेपर्यंत वाट पाहणं. अशा टेबलपुरतं हे प्रमाण एक-दोन टक्क्यांवर आणलं की साफसफाई थोडी थोडी, वरचेवर होते आणि लोडही जाणवत नाही.

८.३मध्येच ‘हॉट अपडेट’ आलं. त्याचं मुख्य श्रेय भारतीय अभियंते पवन देवलसी यांना जातं. इंडेक्समधला रकाना बदलला नसेल आणि ८ केबीच्या त्याच पानात जागा असेल, तर नव्या ओळीसाठी इंडेक्समध्ये नवी नोंद करावी लागत नाही. म्हणून सतत अपडेट होणाऱ्या टेबलचा फिलफॅक्टर ८०-९० ठेवून पानात मुद्दाम जागा सोडावी आणि गरज नसलेले इंडेक्स काढून टाकावेत.

क्वेरीच्या बाबतीत अंदाजपंचे कारभार संपवला तो ७.२मधल्या एक्स्प्लेन अ‍ॅनालाइझने. ओळींचा अंदाज किती होता आणि हाती किती आल्या, हे शेजारी शेजारी दिसू लागलं. अंदाज पाच ओळींचा आणि आल्या पाच लाख, तर दोष बहुधा शिळ्या आकडेवारीचा. आधी ती ताजी करणारं अ‍ॅनालाइझ चालवावं. दुसरी नेहमी सापडणारी गोष्ट म्हणजे ३१ मार्चची बिलं शोधताना वेळेच्या रकान्यावर फंक्शन लावून त्यातून तारीख काढणं. त्या रकान्यावरचा साधा इंडेक्स मग निरुपयोगी ठरतो आणि अख्खं टेबल वाचलं जातं. ‘३१ मार्चच्या मध्यरात्रीपासून १ एप्रिलच्या मध्यरात्रीच्या आधीपर्यंत’ अशी अट लिहिली की तोच इंडेक्स कामाला येतो.

लॉकची गोष्टही अशीच बदलत गेली. ८.२मध्ये लिखाण न अडवता इंडेक्स बांधता येऊ लागला. २०१८च्या ११व्या आवृत्तीपासून ठरावीक डीफॉल्ट असलेला नवा रकाना टेबल पुन्हा न लिहिता जोडता येतो. पण त्यासाठीच्या आल्टर टेबलला क्षणभर का होईना, पूर्ण लॉक लागतोच. पुढे एखादा लांबलचक रिपोर्ट चालू असेल तर आल्टर त्याच्यामागे थांबतो आणि बाकी सगळे आल्टरच्या मागे. म्हणून आधी लॉक टाइमआउट दोन-तीन सेकंदांवर ठेवावा आणि जमलं नाही तर थोड्या वेळाने पुन्हा प्रयत्न करावा.

बॅकअपच्या सोयी तर भराभर आल्या. ८.०ने हव्या त्या क्षणापर्यंत डेटा परत आणण्याची सोय दिली, ९.०ने स्ट्रीमिंग रेप्लिकेशन आणि २०२४च्या १७व्या आवृत्तीने इन्क्रिमेंटल बॅकअप. तरीही ३१ जानेवारी २०१७ची रात्र प्रत्येक डीबीएने अभ्यासावी. गिटलॅब या कंपनीत रेप्लिकेशन दुरुस्त करताना दुय्यम सर्व्हर समजून मुख्य सर्व्हरचीच डेटा डिरेक्टरी पुसली गेली. सुमारे ३०० जीबीपैकी ४.५ जीबी उरले. रोजचा डंप शोधला तर तो झालेलाच नव्हता: सर्व्हर ९.६चा आणि डंपचं साधन ९.२चं. तो फसल्याचे ईमेलही मेल सर्व्हरने नाकारल्यामुळे कुणापर्यंत पोहोचले नव्हते. सुमारे सहा तासांपूर्वी दुसऱ्याच कामासाठी हाताने घेतलेल्या स्नॅपशॉटने वाचवलं, आणि मधल्या तासांचा डेटा गेला. हे सारं त्यांनी जगासमोर उघडपणे मांडलं, याबद्दल आपण सगळ्यांनी त्यांचं ऋणी राहायला हवं.

या पाव शतकात डेटाबेसने आपल्या हातातली बरीच कामं स्वतःकडे घेतली. ती नीट होताहेत का, हे पाहण्याचं काम मात्र त्याने घेतलेलं नाही. रेप्लिकेशनवर चालणारा स्टँडबाय सर्व्हर म्हणजे बॅकअप नव्हे. अट विसरून चालवलेला डिलीट तिथेही लगोलग पोहोचतो. म्हणून दर महिन्याला बॅकअप वेगळ्या मशीनवर रिस्टोअर करावा, मोठ्या टेबलांच्या ओळी मोजाव्यात, सर्वांत ताजी नोंद कधीची आहे ते पाहावं आणि किती वेळ लागला ते लिहून ठेवावं. टीममध्ये नवीन आलेल्या मुला-मुलींना पहिलं काम हेच द्यावं. डेटाबेसची सगळी अंगं त्यातून हाताखालून जातात, आणि आपला बॅकअप खरा आहे की नाही हे संकट येण्याआधीच कळतं.