कल्याण, महू, वर्धा… पुढचं स्टेशन परदेश!

मलाजखंडच्या मुलांना खोल खड्ड्याचं नवल वाटत नाही. देशातली सर्वांत मोठी तांब्याची उघडी खाण त्यांच्या घराशेजारी आहे. पायरीपायरीने खाली उतरत गेलेली ही खाण हिंदुस्थान कॉपरची आणि तांब्याचा हा प्रकल्प १९८२चा. बारावी झाली की इथली मुलं ‘बाहेर’ जातात. बाहेर म्हणजे बालाघाट, गोंदिया, नागपूर, नाहीतर जबलपूर. आणखी पुढे, समुद्रापलीकडे जायचं म्हटलं की घरात एकच वाक्य ऐकू येतं: ‘ते मुंबई-पुण्याकडच्यांचं काम!’

हे वाक्य खरं नाही. परदेशी शिकायला गेलेल्या मराठी माणसांची यादी काढली तर त्यात लहान गावं खच्चून भरलेली दिसतात. आणि प्रत्येकामागे कुणीतरी उभं असतं. कुणी पैसे दिले, कुणी खोली दिली, तर कुणी नुसतं एक पत्र लिहिलं.

तांब्याच्या वाटेवरचा राजा

मलाजखंडचं खनिज इथेच बारीक दळतात आणि त्यातला तांब्याचा अंश वेगळा काढतात. तो माल पूर्वी वर्षानुवर्षं राजस्थानातल्या खेतडीच्या भट्टीकडे जात असे. याच खेतडीचे राजे अजितसिंह यांनी १८९३ मध्ये स्वामी विवेकानंदांच्या शिकागो प्रवासाच्या खर्चाला हातभार लावला होता. मलाजखंडहून माल भरणाऱ्या कितीजणांना हे माहीत असावं?

दातदुखीने लागलेला शोध

१८८० मध्ये अमेरिकेतल्या थिओडिशिया कार्पेंटर नावाच्या बाई दातांच्या डॉक्टरकडे नंबर लागायची वाट बघत बसल्या होत्या. हाताशी एक मिशनरी मासिक होतं. त्यात गोपाळराव जोशी नावाच्या कुणा हिंदुस्थानी माणसाचं पत्र छापलं होतं. बायकोला डॉक्टर करायचंय, अमेरिकेत शिकवायचंय, असा त्याचा मजकूर. बाईंनी घरी येऊन थेट त्या बायकोशी, मूळच्या कल्याणच्या आनंदीबाईंशी, पत्रव्यवहार सुरू केला. पुढे आनंदीबाई त्यांना मावशी म्हणू लागल्या.

७ एप्रिल १८८३ रोजी आनंदीबाई कलकत्त्याहून बोटीत बसल्या तेव्हा त्यांना नुकतंच अठरावं संपलं होतं. सोबत नवरा नव्हता. जूनमध्ये न्यूयॉर्कच्या धक्क्यावर घ्यायला कार्पेंटरबाई हजर होत्या आणि न्यू जर्सीतल्या रोझेल गावी त्यांच्याच घरी आनंदीबाईंनी अमेरिकेतले पहिले महिने काढले. आजच्या भाषेत सांगायचं तर होस्ट फॅमिली! पुढे फिलाडेल्फियाच्या हिवाळ्यात नऊवारीत पोटऱ्या गारठत, म्हणून त्यांनी गुजराती पद्धतीने साडी नेसायला सुरुवात केली. साडी मात्र सोडली नाही.

फिलाडेल्फियातल्या त्यांच्या वैद्यकीय कॉलेजातला १८८५चा एक फोटो मिळाला तर जरूर बघा. तीन मुली ओळीने बसल्या आहेत. एकीच्या अंगावर साडी, एकीच्या किमोनो आणि तिसरीच्या सिरियाचा पोशाख. आनंदीबाई जोशी, जपानच्या केई ओकामी आणि दमास्कसच्या साबात इस्लामबुली. तिघी तीन देशांतल्या आणि आपापल्या देशातल्या, पाश्चात्य वैद्यकाची पदवी मिळवणाऱ्या पहिल्यावहिल्या बायकांमध्ये तिघींचंही नाव. मागे पडदा, चेहऱ्यावर हसू नाही, पाठी मात्र ताठ. आंतरराष्ट्रीय विद्यार्थ्यांचा याहून देखणा वर्गफोटो मी पाहिलेला नाही.

११ मार्च १८८६ला पदवीदान झालं तेव्हा सभागृहात पंडिता रमाबाई होत्या. त्या इंग्लंडमध्ये शिकत-शिकवत होत्या आणि खास या समारंभासाठी अटलांटिक ओलांडून आल्या होत्या. पुढच्याच वर्षी, २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, पुण्यात आनंदीबाई गेल्या. वय एकवीस. त्यांच्या अस्थी कार्पेंटर कुटुंबाने न्यूयॉर्क राज्यातल्या पकिप्सी गावी आपल्या कुटुंबाच्या दफनभूमीत ठेवल्या. मावशीने भाचीला शेवटपर्यंत घरचंच मानलं.

महूचा मुलगा आणि रूममेटचे पाच हजार

बाबासाहेब आंबेडकरांचा जन्म महूचा, म्हणजे आजच्या मध्य प्रदेशातला. १९१३ मध्ये ते कोलंबिया विद्यापीठात पोहोचले ते बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर. महिन्याला साडेअकरा पौंड, तीन वर्षं, आणि बदल्यात बडोदा संस्थानात दहा वर्षं नोकरीचा करार. न्यूयॉर्कमध्ये पहिल्या वसतिगृहात जेवण जमेना म्हणून त्यांनी लवकरच मुक्काम हलवला. परदेशी गेलेल्या कुठल्याही विद्यार्थ्याला विचारा, पहिली तक्रार जेवणाचीच असते.

पुढे लिव्हिंगस्टन हॉलमध्ये नवल भथेना नावाचा पारशी तरुण त्यांच्या खोलीत राहायला होता. या दोस्तीची किंमत १९२० मध्ये कळली. अर्धवट राहिलेलं लंडनचं शिक्षण पुरं करायला बाबासाहेब पुन्हा निघाले तेव्हा स्वतःची बचत, शाहू महाराजांची मदत आणि भथेनांनी उसने दिलेले पाच हजार रुपये असा मेळ बसला. रूममेट असावा तर असा!

त्याआधी १९१७ मध्ये मायदेशी परतताना त्यांची पुस्तकं दुसऱ्या जहाजाने येत होती. महायुद्ध चालू होतं. पाणतीराने ते जहाज बुडालं आणि न्यूयॉर्कच्या जुन्या पुस्तकांच्या दुकानांत हिंडून जमवलेला तो खजिना समुद्राच्या तळाशी गेला. इतकं होऊनही शिकण्याची भूक कमी झाली नाही. १९२१ मध्ये जर्मनीत बॉन विद्यापीठात प्रवेश हवा म्हणून त्यांनी स्वतःच्या हाताने अर्ज लिहिला, तोही जर्मन भाषेत. लंडनमध्ये ते राहत होते ते १०, किंग हेन्रीज रोडवरचं घर २०१५ मध्ये महाराष्ट्र सरकारने विकत घेतलं. आता तिथे स्मारक आहे.

वर्ध्याचे पाहुणे भिंतीवर

मलाजखंडचा बालाघाट जिल्हा आणि वर्धा १९५६पर्यंत एकाच प्रांतात होते, राजधानी नागपूर. त्या वर्ध्यात १८८४ साली पांडुरंग खानखोजे जन्मले. क्रांतिकारक, गदर पक्षाचे कार्यकर्ते आणि त्याच वेळी अमेरिकेत शेतीशास्त्राचे विद्यार्थी. ऑरेगनमध्ये शिकले, वॉशिंग्टन राज्यातही शिकले. हिंदुस्थानात परतण्याचे दरवाजे इंग्रजांनी बंद केले, तेव्हा ते मेक्सिकोला गेले आणि चापिंगोच्या शेती महाविद्यालयात प्राध्यापक झाले. मक्याच्या सुधारित वाणांवर त्यांनी तिथे काम केलं.

जगप्रसिद्ध चित्रकार दिएगो रिव्हेरा यांनी मेक्सिको शहरातल्या शिक्षण मंत्रालयाच्या भिंतीवर एक चित्र रंगवलं आहे. टेबलाभोवती सगळ्या थरांतली माणसं बसली आहेत आणि मधला माणूस भाकरी मोडून वाटतो आहे. तो माणूस म्हणजे आपले वर्ध्याचे खानखोजे! विद्यार्थी म्हणून देश सोडला आणि परक्या देशाच्या सरकारी भिंतीवर अन्नदाता म्हणून जागा मिळाली. विदर्भात यांच्या नावाचा गजर व्हायला हवा होता. तो तितका झाला नाही, याची मला मनापासून खंत वाटते.

केंब्रिजची चढाओढ

दापोलीजवळच्या मुर्डीचे रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे १८९९ मध्ये केंब्रिजच्या गणिताच्या परीक्षेत ‘सीनियर रँग्लर’, म्हणजे पहिल्या श्रेणीत अव्वल, झाले. हा मान मिळवणारे ते पहिले भारतीय. त्यानंतर मोठ्या पगाराच्या नोकऱ्या चालून आल्या असत्या. पण त्यांनी पुण्याला शब्द दिला होता. तो पाळून ते तिथल्या फर्ग्युसन कॉलेजमध्ये दरमहा ७५ रुपयांवर रुजू झाले. त्यांची मुलगी शकुंतलाही पुढे केंब्रिजलाच गणित शिकली.

खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकरांकडे तर बापलेक दोघेही केंब्रिजचे रँग्लर. वडील विष्णु वासुदेव १९३० मध्ये, तर जयंतराव पुढच्या पिढीत. जयंतराव जे. एन. टाटा एन्डाउमेंटचे शिष्यवृत्तीधारक. ही योजना १८९२ची आणि आजही चालू आहे. पैसे कर्जाऊ मिळतात, परत फेडायचे असतात, आणि तेच पैसे पुढच्या मुलांच्या कामी येतात. तिच्या पहिल्या मानकऱ्यांमध्ये कोल्हापूरच्या डॉ. कृष्णाबाई केळवकर होत्या.

कमला भागवत, लग्नानंतरच्या सोहोनी, मूळ इंदूरच्या. केंब्रिजमध्ये बटाट्यावर काम करता करता त्यांना वनस्पतींच्या पेशींत ‘सायटोक्रोम सी’ हे प्रथिन सापडलं. १९३९ मध्ये पीएच.डी. मिळाली. प्रबंध किती पानांचा? अवघ्या ४०! जाडजूड बाडं बांधून आणणाऱ्या संशोधकांनी जरा इकडे लक्ष द्यावं.

बर्लिन ते फलटण, व्हाया फिलाडेल्फिया

इरावती कर्वे १९२८ मध्ये बर्लिनला गेल्या त्या डॉ. जीवराज मेहतांनी दिलेल्या कर्जावर. विषय मानववंशशास्त्र. कवट्या मोजून त्यांनी दाखवून दिलं की कवटीच्या वेड्यावाकडेपणाचा वंशाशी संबंध नाही. त्यांचे मार्गदर्शक ऑयगेन फिशर नेमके उलट मताचे होते. परक्या देशात, परक्या भाषेत, गुरूच्या तोंडावर ‘पुरावा असं सांगत नाही’ म्हणायला काय छाती लागत असेल!

आता गंमत बघा. इरावतीबाईंची मुलगी जाई निंबकर फलटणची लेखिका. तिथेच अमेरिकेहून मराठीच्या अभ्यासासाठी आलेल्या मॅक्सीन बर्नसन राहिल्या आणि पुढे भारताच्या नागरिक झाल्या. परदेशी विद्यार्थ्यांना मराठी शिकता यावी म्हणून दोघींनी मिळून मराठीचं व्याकरण आणि शब्दकोश लिहिले. व्याकरण १९७५ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातून निघालं. हे विद्यापीठ फिलाडेल्फियात, आनंदीबाई शिकल्या त्याच शहरात.

तोवर पुण्यात उलटी वर्दळही सुरू झाली होती. अमेरिकेच्या मध्यपश्चिमेतल्या महाविद्यालयांच्या संघटनेने १९६९ पासून आपले विद्यार्थी पुण्याला पाठवायला सुरुवात केली. ते मराठी कुटुंबांत राहायचे आणि मराठी शिकायचे. भाषा वर्गात कळते, पण जिभेवर बसते ती ताटावर. ‘अजून एक पोळी घे’ याला नाही म्हणायचे निदान चार प्रकार आहेत, आणि ते व्याकरणाच्या कुठल्याच पुस्तकात सापडत नाहीत.

बैगांकडे शिकायला आलेला ऑक्सफर्डचा माणूस

आपल्या शेजारचीच गोष्ट. व्हेरियर एल्विन ऑक्सफर्डमध्ये शिकले, १९२७ मध्ये पुण्याच्या ख्रिस्त सेवा संघात आले आणि १९३२ मध्ये मराठी सहकारी शामराव हिवाळे यांच्याबरोबर तेव्हाच्या मंडला जिल्ह्यात करंजियाला राहायला गेले. गोंड आणि बैगा आदिवासींमध्ये राहून १९३९ साली त्यांनी ‘द बैगा’ हे पुस्तक लिहिलं. शामरावांनी परधान समाजावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. आज जगभरचे अभ्यासक मैकलच्या डोंगरांबद्दल वाचतात ते या दोघांच्या पुस्तकांतून. मलाजखंडच्या मुलाला त्यासाठी घरामागच्या गावापर्यंत चालत जावं लागतं, इतकाच फरक.

खाणीच्या गावाला खाणीचं विद्यापीठ

ज्याच्या घरी खाणीची भाषा बोलली जाते त्याने जर्मनीतल्या फ्रायबेर्गचं नाव लक्षात ठेवावं. तिथली खाणशास्त्राची अकादमी १७६५ची, आजही चालू असलेल्यांमध्ये जगातली सर्वांत जुनी. अलेक्झांडर फॉन हुम्बोल्ट तिथे शिकले. जर्मेनियम हे मूलद्रव्य १८८६ मध्ये तिथेच सापडलं. अकादमी सुरू होण्याच्याही आधी, १७३९ मध्ये, रशियाने मिखाइल लोमोनोसोव्ह नावाच्या कोळ्याच्या मुलाला खाणविद्या शिकायला याच गावात धाडलं होतं. पुढे तो रशियन विज्ञानाचा पितामह ठरला. जर्मनीतल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणीची फी जवळपास नसते. राहण्याखाण्याचा खर्च मात्र आपला.

त्या खर्चासाठी केंद्र सरकारची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती आहे, १९५४-५५ पासून. आदिवासी विद्यार्थ्यांसाठी तिच्यात वर्षाला २० जागा आहेत. त्यांतल्या ३ जागा विशेष असुरक्षित आदिवासी समूहांसाठी राखून ठेवलेल्या असतात. मलाजखंडच्या आसपासच्या बैहर-बिरसा भागातले बैगा याच समूहांत मोडतात. घरात कुणी पदवीच्या शेवटच्या वर्षाला असेल तर अर्जाची तारीख आजच बघून ठेवा.