निवडुंगाची वैरण : खरे किती, ऐकीव किती?



हंगाम संपून पट्टा पडला की वाढे बंद होतात आणि गटागटांतून आमच्याकडे एकच विचारणा येते, "साहेब, तो बिनकाट्याचा निवडुंग लावला तर वैरणीची चिंता मिटेल काय?" २०१२-१३ आणि २०१८-१९ च्या दुष्काळात ज्यांची जनावरे छावणीत होती, त्यांनी असे विचारणे साहजिक आहे. पण पारावर जे बोलले जाते त्यात ऐकीव फार. म्हणून चार समज येथे तपासून देत आहोत.

सगळे निवडुंग सारखेच. हे चूक, आणि जनावराच्या जिवावर बेतणारे. कुंपणाच्या थोरालाही पुष्कळ ठिकाणी निवडुंगच म्हणतात. त्यातून दुधासारखा चीक निघतो, तो विषारी. वैरणीचा तो फड्या निवडुंग. त्याचे पान मोडले तर बुळबुळीत, पाण्यासारखा रस येतो. पांढरा चीक दिसला की ते झाड गव्हाणीत जाता कामा नये.

त्याला पाणी लागतच नाही. लागते, पण थोडे. पानावरची बारीक छिद्रे तो दिवसा मिटून ठेवतो व रात्री उघडतो, म्हणून उन्हात पाणी उडून जात नाही. एखादे हलके पाणी मिळाले तर फुटवा चांगला येतो. साचलेले पाणी मात्र सोसत नाही, मुळे कुजतात. तेव्हा उसाचे भारी रान त्याला देऊ नका. बांध, माळ, मुरमाड तुकडा हीच त्याची जागा.

निवडुंग असला की दुसरे काही नको. दहा किलो निवडुंगात जवळजवळ नऊ किलो पाणीच असते. प्रथिनेही कमी. नुसता घातला तर जनावर पातळ शेण टाकते. वाळलेले वाढे किंवा कडबा यांच्याबरोबर, तुकडे करून, थोड्यापासून सुरुवात करून द्यावा. पेंड आणि खनिज मिश्रण चालूच ठेवावे. ब्राझीलच्या कोरड्या ईशान्य भागात तो दुभत्या जनावरांना मोठ्या प्रमाणावर घालतात, पण तेथेही जोडीला कोरडी वैरण लागतेच.

रान व्यापून टाकील. ही भीती अगदीच खोटी नव्हे. अमेरिकेतून आलेल्या काटेरी जातींनी आपल्या देशात पूर्वी फार जमीन अडवली होती. १९२६ साली आणलेल्या एका किडीने त्या आटोक्यात आल्या. बिनकाट्याची जात पानापासूनच लावावी, कारण बियांच्या रोपांना काटे येऊ शकतात. पानावर कापसासारखे पांढरे पुंजके दिसले आणि चिरडल्यावर लाल रंग निघाला तर तीच कीड समजावी व ते पान काढून जाळावे. मोरोक्कोत २०१४ नंतर तिने निवडुंगाची मोठी हानी केली.

लावणीसाठी पान कापून दहा-पंधरा दिवस सावलीत ठेवावे. जखम वाळली की तिसरा हिस्सा मातीत पुरावा, लगेच पाणी देऊ नये. पहिल्या वर्षी कापणीची घाई नको.

थोडक्यात, निवडुंग म्हणजे गंजीची जागा घेणारी वैरण नव्हे. वाळल्या वैरणीला ओल देणारी ती शिल्लक आहे, आणि शिल्लक अडचणीआधीच टाकावी लागते. दुष्काळ पडल्यावर लावलेला निवडुंग त्या दुष्काळात उपयोगी पडत नाही. यंदा बांधाला वीस-पंचवीस पानेच लावून बघा. वाढ्यांची गंज मात्र दरसाल घाला.

— ऊस विकास अधिकारी