मालिश, मसाज आणि आपला दवाखाना

नवजात बाळाच्या आईला घरी पाठवताना मी चिठ्ठीवर शेवटच्या ओळीत एका मावशींचे नाव लिहून देत असे. गेली वीस-बावीस वर्षे हा क्रम चालू होता. बाळाला आणि बाळंतिणीला तेल लावणे, न्हाऊ घालणे, धुरी देणे हे त्यांचे काम. त्यांच्या आईचेही तेच होते. बाळाच्या छातीवरून हात कसा फिरवावा आणि नाकात तेल का घालू नये, हे मी त्यांना एकदाच सांगितले आणि त्यांनी ते कायमचे पाळले. दोन वर्षांपूर्वी एक दिवस त्या दवाखान्यात आल्या आणि संकोचून म्हणाल्या, "डाक्टरसाहेब, तेवढं 'मालिशवाली' नोका लिहू. पोट्टे हासतात."

नागपुरातल्या एका छाप्याची बातमी त्यांच्या भाच्याच्या मोबाइलवर आली होती. 'मसाजच्या नावाखाली देहविक्रय' हा मथळा आता इतका सवयीचा झाला आहे की वार्ताहर तो झोपेतही लिहू शकेल. पण त्या मथळ्याने साठीच्या एका कष्टाळू बाईच्या व्यवसायाचे नाव तिच्यापासून हिरावून घेतले, हे त्या दिवशी माझ्या प्रथमच ध्यानी आले.

स्मरणिकेसाठी हा विषय मी सुचवला तेव्हा एका ज्येष्ठ स्नेह्यांनी भुवया उंचावल्या. हा अंक घराघरांत जातो, तेव्हा लसीकरणावर किंवा परीक्षेच्या ताणावर लिहावे, असे त्यांचे म्हणणे. त्यांच्या भावनेचा मला आदर आहे. परंतु लैंगिक सेवेसाठी 'मसाज' हा शब्द पडद्यासारखा वापरला जातो, आणि त्या पडद्यामागून जखमी होऊन येणारी माणसे शेवटी आपल्याच दारात येतात. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या काठी गोटमारीत डोके फुटलेला माणूस चारचौघांच्या खांद्यावरून वाजतगाजत दवाखान्यात येतो. या प्रकारचा जखमी मात्र रात्री, मागच्या दाराने येतो आणि नाव खोटे सांगतो.

आपली गावे सरहद्दीवरची. राज्य मध्यप्रदेश, बोली मराठी, वर्तमानपत्र आणि बाजारपेठ नागपूरची. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेनंतर आपण मध्यप्रदेशात राहिलो. ५ ऑक्टोबर २०२३ पासून पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला आणि सौंसर त्यात आले. पण मुलींच्या नोकऱ्यांची वाट अद्याप नागपूरकडेच जाते. 'पार्लरमध्ये काम आहे, राहणे-जेवणे मोफत' एवढ्या शब्दांवर एखादी मुलगी घर सोडते. काही गैर घडले तर तक्रार कोठे करायची, या प्रश्नाशी घरचे लोक अडतात, कारण मुलगी हरवली मध्यप्रदेशातून आणि सापडते महाराष्ट्रात. वस्तुतः गुन्हा कोठेही घडलेला असो, कोणत्याही ठाण्याने प्रथम माहिती अहवाल नोंदवून घेतलाच पाहिजे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ ने ते आता स्पष्ट केले आहे. 'आमच्या हद्दीत येत नाही' या उत्तराला कायद्यात जागा उरलेली नाही.

कायदा मुळात काय म्हणतो, याविषयी सुशिक्षितांतही विलक्षण अज्ञान आहे. ज्याला आपण 'पिटा' म्हणतो तो १९५६ चा अनैतिक व्यापार प्रतिबंध अधिनियम. त्यात मसाज हा शब्द मुख्य व्याख्यांत शोधून सापडणार नाही. १९८६ च्या दुरुस्तीनंतर त्याची व्याख्या व्यापारी हेतूने केलेल्या लैंगिक शोषणावर उभी आहे. पाटीवर काय लिहिले आहे याला महत्त्व नाही, आत काय चालते आणि त्यातून कोणाची कमाई होते याला आहे. कुंटणखाना चालवणाऱ्याला पहिल्या अपराधासाठी एक ते तीन वर्षे सक्तमजुरी सांगितली आहे. जाणूनबुजून जागा भाड्याने देणारा घरमालक त्याच कलमात येतो. फूस लावून आणणारा त्याहून कठोर शिक्षेस पात्र ठरतो. प्रौढ स्त्रीने स्वेच्छेने केलेला देहविक्रय मात्र या कायद्याने स्वतंत्र गुन्हा ठरवलेला नाही. सप्टेंबर २०२० मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती पृथ्वीराज चव्हाण यांनी तीन प्रौढ तरुणींना सुधारगृहातून मुक्त करताना हेच सांगितले होते.

इथवर वाचून कोणी कायद्याला उदार म्हणेल, तर थोडे थांबावे. दोन स्त्रियांनी परस्परांच्या लाभासाठी एक खोली घेतली की ती जागा 'कुंटणखाना' ठरते. अशा स्त्रीच्या कमाईवर जगणारा कोणीही प्रौढ मनुष्य अपराधी; मग ती तिची म्हातारी आई का असेना. गिऱ्हाईक हेरण्यासाठी इशारे करणाऱ्या स्त्रीला सहा महिन्यांपर्यंत कैद, आणि तोच अपराध पुरुषाने केला तर सात दिवस ते तीन महिने! हा भेद करणाऱ्यांच्या मनात काय होते, ते तेच जाणोत. कलम ७ अन्वये सार्वजनिक प्रार्थनास्थळ, शिक्षणसंस्था, हॉटेल, रुग्णालय वा नर्सिंग होम यांच्यापासून दोनशे मीटरांच्या आत हा व्यवसाय करणारी स्त्री आणि तिचे गिऱ्हाईक असे दोघेही दंडनीय आहेत. आपल्या कोणत्याही गावात देऊळ, शाळा आणि दवाखाना या तिन्हींपासून दोनशे मीटर दूर असलेले एक घर दाखवून द्यावे. म्हणजे महानगरातल्या मोठ्या वस्तीत जी गोष्ट कायद्याच्या फटीत बसते, ती लहान गावात बसूच शकत नाही. ती त्यामुळे थांबत मात्र नाही. ती लॉजमध्ये, भाड्याच्या खोलीत, मोबाइलवर सरकते, आणि तिथे त्या स्त्रीजवळ हाक मारायला शेजारीणही नसते. नागपुरात गंगा-जमुना वस्तीची ऑगस्ट २०२१ मध्ये पोलिसांनी नाकेबंदी केली, तेव्हा तिथल्या स्त्रिया कोठे जातील, हा प्रश्न आपल्यासारख्या आसपासच्या गावांनी विचारायला हवा होता.

मसाज केंद्रांसाठी वेगळे नियम करावेत, हा विचार काही ठिकाणी झाला. दिल्लीत २०२१ साली स्त्रीने पुरुषाला आणि पुरुषाने स्त्रीला मालिश करण्यावर बंदी घालण्यात आली. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये तेथील उच्च न्यायालयाने ती रोखली. सरसकट बंदीने अनाचार थांबतो असे न्यायालयास दिसले नाही. मलाही दिसत नाही. त्या न्यायाने पुरुष फिजिओथेरपिस्टने लकवा झालेल्या आजीबाईंना हातच लावू नये!

आणखी एक वर्ग आहे, ज्याच्याविषयी सहानुभूती दाखवायला कोणी तयार नसते. तो म्हणजे आपल्या गावांतली वीस-बावीस वर्षांची मुले. पूर्वी वर्तमानपत्रांतल्या छोट्या जाहिरातींतून आणि आता मोबाइलवरून 'श्रीमंत महिलांना मसाज करा, रोज हजारो कमवा' असे आमिष येते. नोंदणी शुल्क, ओळखपत्राचे शुल्क, मग हॉटेलचे अनामत असे पैसे उकळले जातात आणि काम कधीच येत नाही. किंवा चित्रफितीद्वारे कॉल येतो, त्याचे चित्रण होते आणि बदनामीच्या धमकीने खंडणी सुरू होते. लाजेने मुलगा कोणाला सांगत नाही. माझ्याकडे लहानपणापासून येणारा असा एक मुलगा झोप लागत नाही म्हणून आला होता. अर्धा तास बसल्यावर खरे बोलला. फसवणूक आणि खंडणी हे गंभीर गुन्हे आहेत, १९३० या क्रमांकावर तक्रार करता येते आणि तक्रार करणारा तो आरोपी नव्हे, एवढेच मी त्याला सांगितले. त्याच्या वडिलांना कसे सांगायचे, यावर मात्र आम्हा दोघांचा त्याहून अधिक वेळ गेला.

आता आपल्या व्यवसायाकडे वळतो. १९ मे २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने बुद्धदेव कर्मस्कर प्रकरणात दिलेले निर्देश आपल्यापैकी किती जणांनी वाचले असतील? न्या. नागेश्वर राव यांच्या त्या पीठावर आपल्या अमरावतीचे न्या. भूषण गवईही होते. 'देहविक्रय कायदेशीर झाला' अशा बातम्या तेव्हा आल्या; त्या बरोबर नव्हत्या. न्यायालयाने नेमलेल्या समितीच्या दहा शिफारशींपैकी ज्यांवर केंद्र सरकारची हरकत नव्हती, त्या पाळण्याचे निर्देश झाले. छाप्यात सापडलेल्या स्त्रीला अटक करू नये, ही शिफारस केंद्राच्या हरकतींच्या यादीत होती, हा तपशील मथळ्यांतून गळून गेला. पण जे निर्देश झाले ते आपल्यासाठी पुरेसे स्पष्ट आहेत. अत्याचार झालेल्या देहविक्रय करणाऱ्या स्त्रीलाही अन्य कोणत्याही पीडितेप्रमाणे तत्काळ वैद्यकीय उपचार मिळाले पाहिजेत. निरोध जवळ बाळगणे हा अपराधाचा पुरावा मानता येणार नाही. छाप्यात सापडलेल्यांची ओळख प्रकट होता कामा नये.

बलात्कारपीडितेवर शासकीय वा खासगी, कोणत्याही रुग्णालयाने मोफत उपचार करणे हे आपल्यावर ऐच्छिक नाही. पूर्वीच्या फौजदारी संहितेत ते कलम ३५७-सी होते, १ जुलै २०२४ पासून नव्या संहितेत ३९७ आहे. नकार दिल्यास एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. रुग्ण अठरा वर्षांखालील असेल तर पॉक्सो कायद्याच्या कलम १९ नुसार पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. मात्र पोलिसांचे पत्र येईपर्यंत तपासणी थांबवून ठेवणे चूक आहे. आणि रुग्ण प्रौढ असेल, एखाद्या नेहमीच्या आजारासाठी आपल्या बाळाला घेऊन आली असेल, तर तिचा व्यवसाय केसपेपरवर लिहिण्याची गरज नसते. अशाच एका मातेने एकदा मला विचारले होते, "सर, बाळाच्या कार्डावर माझं काम लिहावं लागते का?" त्या कार्डावर तसा रकानाच नव्हता. तरीही तिला विचारावेसे वाटले.

हे सारे मी आज ठामपणे लिहितो आहे. एके काळी मला यातले काही ठाऊक नव्हते. २००३ साली महाराष्ट्रातील एका शहरात मी शासकीय सेवेत होतो. मसाज केंद्रावरील छाप्यानंतर पोलिसांनी एका मुलीला वय ठरवण्यासाठी आणले. पिटा कायद्यातच तशी तरतूद आहे: वय, इजा आणि गुप्तरोग यांसाठी नोंदणीकृत डॉक्टरने तपासावे. तपासणीत अल्पवयीन मुलीवर अत्याचार आढळला तर तिला तिथे देहविक्रयासाठी डांबले होते असेच गृहीत धरले जाते. आरोपीची शिक्षाही तिथे बदलते. अल्पवयीन असेल तर किमान सात वर्षे. इतके सगळे एका प्रमाणपत्रावर अवलंबून असते.

आम्ही तिघे होतो: रेडिऑलॉजिस्ट, दंतवैद्य आणि मी. मनगट, कोपर आणि कटीचे क्ष-किरण काढले, दाढा पाहिल्या. अहवाल लिहिला, 'सतरा ते एकोणीस वर्षे'. वैद्यकीयदृष्ट्या तो निर्दोष होता. हाडांच्या परीक्षेत दोन वर्षांचे अंतर दोन्ही बाजूंनी धरावे, हे सर्वोच्च न्यायालयाने जयमाला प्रकरणात १९८२ मध्येच म्हटले आहे. परंतु त्या अंतराचा उपयोग कोणासाठी होतो, हे आम्ही पाहिले नाही. ती प्रौढ असू शकते, असे धरले गेले, आणि 'आत्या' म्हणवून घेणाऱ्या एका बाईसोबत ती त्याच संध्याकाळी निघून गेली.

तपासणीच्या वेळी तिला बोलते करावे म्हणून मी काहीतरी विचारले होते. ती म्हणाली, "आठवीत गणितात मी पहिली आली होती." मी "शाब्बास" म्हटले आणि क्ष-किरणाच्या फॉर्मवर सही केली.

आठवीत होती म्हणजे शाळा होती. शाळा होती म्हणजे दाखलखारीज रजिस्टर होते आणि त्यात जन्मतारीख होती. एक दूरध्वनी, फार तर एका शिपायाची एक दिवसाची फेरी. आधी शाळेचा दाखला, तो नसेल तर नगरपालिकेचा वा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला, आणि दोन्ही नसतील तरच हाडांची परीक्षा, हा क्रम २००७ च्या बालन्याय नियमांत स्पष्ट आला आणि २०१५ च्या कायद्याच्या कलम ९४ मध्ये कायम झाला. पीडितेलाही हाच क्रम लागू करावा, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये सांगितले. २००३ साली तो क्रम आमच्यासमोर कोणी ठेवला नव्हता, ही सबब मी अनेकदा स्वतःला दिली आहे. पण शाळेचे नाव विचारायला नियम लागत नाही.

हल्ली असे प्रकरण आले की क्ष-किरणाच्या फॉर्मला हात लावण्याआधी मी मुलीच्या शेजारी बसतो आणि तिच्या शाळेचे, वर्गशिक्षकांचे, गावाचे नाव लिहून घेतो. ते पोलिसांच्या पत्राच्या उत्तरात पहिल्या ओळीत लिहितो आणि दाखला मागवावा अशी लेखी सूचना करतो. ठाण्यातला अधिकारी कधी कधी वैतागतो. आपल्या संघटनेतील ज्यांच्यावर हे काम पडते, त्यांनी एवढे करावे, अशी विनंती आहे. नमुना हवा असल्यास माझ्याकडून घेऊन जावा.

मावशींच्या चिठ्ठीवर मी आजही 'मालिश' असेच लिहितो. त्यांना विचारूनच लिहितो. सहा महिन्यांनी त्याच आल्या होत्या आणि म्हणाल्या, "लिहा आता. माह्या मायचं काम होतं ते."