कामशेतहून मंडईला : नोकरी लागली, आता गाडी कोणती?

नोकरीचा कागद हातात पडला की घरात पेढे येतात आणि दुसऱ्या दिवशी प्रश्न येतो, जायचे कसे? आमच्याकडे हा प्रश्न गेल्या पावसाळ्यात आला. थोरल्या भावाचे बिऱ्हाड कामशेतला. त्याची मुलगी बी.कॉम. झाली आणि पुण्यात मंडईजवळच्या एका पेढीवर हिशेबाच्या कामाला लागली. वेळ सकाळी साडेनऊ ते संध्याकाळी साडेसहा. पहिले सहा महिने उमेदवारीचे. तीन वेळा उशीर झाला की अर्ध्या दिवसाचा पगार कापणार आणि उशिराचा आकडा फुगला तर कायम करणार नाही, असे मालकाने पहिल्याच भेटीत तोंडावर सांगितले. म्हणजे पोरीची नोकरी जेवढी तिच्या कामावर, तेवढीच लोकलवर.

वहिनींचा जीव वरखाली. त्या म्हणाल्या, "पुण्यात चार मुलींबरोबर कॉट घेऊन द्या, रोजची दगदग नको." दादांना ते पटेना. निम्मा पगार कॉटला आणि खाणावळीला गेला तर नोकरी कुणासाठी करायची? दादा स्वतः खडकीच्या दारूगोळा कारखान्यात लोकलने जाऊन-येऊन निवृत्त झाले. "मी लोकलवर अख्खी नोकरी काढली, तिला काय अवघड?" हे त्यांचे उत्तर. पण खडकीला उतरून कारखान्याचे फाटक गाठणे वेगळे आणि पेठेत मंडईला पोचणे वेगळे, हे त्यांच्या ध्यानात येईना. शेवटी मी दापोडीला राहतो म्हणून मला बोलावणे आले.

पुणे-लोणावळा लोकल ११ मार्च १९७८ रोजी सुरू झाली. ६४ किलोमीटरचा मार्ग. मावळातल्या कितीतरी घरांची चूल या गाडीवर पेटली आहे. मात्र मुंबईची लोकल डोळ्यांपुढे ठेवून हिच्याकडे पाहू नये. तिथे एक गाडी चुकली तर पाच मिनिटांत दुसरी येते. इथे एक चुकली की घड्याळाकडे बघत फलाटावर बसावे लागते. दुपारी तर दोन गाड्यांमध्ये फारच मोठे अंतर पडते. शिवाय रूळ दोनच, आणि त्याच रुळांवरून एक्स्प्रेस आणि मालगाड्याही धावतात. एक्स्प्रेसला वाट द्यायची म्हणून लोकल मध्येच उभी राहते. हे ज्याने हिशेबात धरले नाही, त्याचा महिनाअखेरीस पगार कापला गेलाच म्हणून समजा.

मी पुतणीला म्हटले, वेळापत्रक वाचून काही कळत नाही, एकदा प्रत्यक्ष जाऊन पाहू. तेही रविवारी नव्हे. रविवारची गर्दी खोटी असते. आम्ही मंगळवार धरला. घराच्या उंबऱ्यापासून पेढीच्या पायरीपर्यंत किती मिनिटे लागतात, ते तिने वहीत लिहायचे ठरले. बहुतेक माणसे फक्त गाडीत बसल्याचा वेळ मोजतात. घरून स्टेशन, पादचारी पुलाचा जिना, उतरल्यावरची गर्दी, पुढचे वाहन येईपर्यंतचे ताटकळणे, हे सगळे सुटून जाते. जिन्याच्या वेळेवरून आमचा थोडा वादही झाला. गावातली पोरे सरळ रूळ ओलांडून जातात, त्यात दोन मिनिटे वाचतात, असे ती म्हणाली. मी म्हटले, ती दोन मिनिटे वहीत लिहायचीच नाहीत. जिन्याचाच वेळ धर.

पहिला मार्ग दादांचा. सरळ पुणे स्टेशनपर्यंत लोकल आणि तिथून मंडईकडे बस. खिशाला सर्वांत हलका. गाडी शेवटच्या स्टेशनला जाते, उतरायची घाई नाही. पण पुण्याचे फलाट सहा आणि गाड्या उदंड, त्यामुळे फलाट मोकळा होईपर्यंत लोकल बाहेर थांबते. त्या मंगळवारी शिवाजीनगर सुटल्यावर आम्ही रुळांवर नुसते बसून राहिलो. बसही वेळेवर आली नाही. पेढीच्या दारात पोचलो तेव्हा पावणेदहा झाले होते. पुतणी काही बोलली नाही, वहीत तेवढे लिहिले.

दुसऱ्या दिवशी तीच गाडी धरली, पण शिवाजीनगरला उतरलो. कामशेतहून तासाभराचा प्रवास. तिथून चालत मेट्रोचे शिवाजीनगर स्थानक. मेट्रो आता जमिनीखालून जाते. जिल्हा न्यायालय, कसबा पेठ आणि तिसरे महात्मा फुले मंडई. जिल्हा न्यायालय ते स्वारगेट हा भुयारी टप्पा २९ सप्टेंबर २०२४ रोजी सुरू झाला, त्याआधी ही सोय नव्हती. मेट्रोचे किमान भाडे १० रुपये. साडेनऊला सोळा मिनिटे असताना आम्ही पेढीपाशी. दुकानाचे शटरही वर गेले नव्हते.

तिसरा मार्ग तिने स्वतः शोधला. पिंपरीला उतरायचे आणि तिथून मेट्रो थेट मंडईला, कारण पिंपरी-चिंचवड महापालिका ते स्वारगेट ही एकच मार्गिका आहे, गाडी बदलावी लागत नाही. मेट्रो तिथूनच सुटते, म्हणून बसायला हमखास जागा. पण पिंपरी स्टेशनापासून मेट्रोचे स्थानक गाठायला बारा-पंधरा मिनिटांची पायपीट आणि भाडेही जास्त. रोजचा मार्ग म्हणून तो बाद केला. तरी वहीत त्याच्याखाली तिने एक रेघ ओढून ठेवली. पिंपरी ते शिवाजीनगर मेट्रो आणि रेल्वे जवळजवळ शेजारून जातात. लोकल अडली तर उतरून मेट्रो धरता येते. हे माझ्या ध्यानात आले नव्हते, आणि मी इतकी वर्षे दापोडीत राहतो!

आता परतीचे. घरोघरी सगळी चर्चा सकाळच्या गाडीची होते, संध्याकाळचा विचार कुणी करत नाही. पण घरच्यांचा जीव टांगणीला लागतो तो संध्याकाळीच. काही लोकल तळेगावपर्यंतच जातात. वडगाव, कान्हे, कामशेत, मळवलीच्या माणसाने गर्दीत पाटी न वाचता ती पकडली की तळेगावला पुढच्या गाडीची वाट पाहत बसायचे. मुलीच्या जातीला रात्री ते नको. म्हणून तिने लोणावळ्यापर्यंत जाणाऱ्या संध्याकाळच्या गाड्याच वेगळ्या लिहून काढल्या आणि तो कागद वहिनींनी भिंतीवर चिकटवला. कोणती गाडी चुकली तर कितीला काळजी करायची, हे आता त्यांना ठाऊक असते. महिलांच्या डब्यातून ये, अडचण वाटली तर १३९ ला फोन कर, एवढेच मी सांगितले. बाकीचे डब्यातल्या नोकरदार बायकांनी आठवडाभरात शिकवले. कोण कुठे उतरते, जागा कुणाकडे मागून ठेवायची, हे कुठल्या वेळापत्रकात छापलेले नसते.

पासाबद्दल दोन शब्द. पहिला महिना मासिक पास काढावा, मार्ग पक्का झाल्यावर तिमाही. तिमाही पासाला मासिकाच्या २.७ पट पैसे पडतात, म्हणजे तीन महिन्यांत सुमारे नऊ दिवसांचे भाडे वाचते. पण पहिल्याच दिवशी तिमाही काढून मग मार्ग बदलला तर पैसे अडकतात. पास ज्याच्या नावाचा त्यानेच वापरायचा, भावाबहिणींत फिरवायचा नाही. तो मेट्रोत चालत नाही आणि लोकलचा पास आहे म्हणून समोर आलेल्या एक्स्प्रेसमध्ये चढू नये, दंड भरावा लागतो.

तुमचे काम मंडईला नसेल तर हिशेब बदलेल. डेक्कन, कोथरूड किंवा येरवड्याकडे जायचे तर मेट्रो जिल्हा न्यायालयाला बदला. हिंजवडीला लोकल जात नाही, तिथल्या नोकरीसाठी बसचे मार्ग आधी पाहा. दौंड, केडगाव, उरुळीच्या बाजूने लोणावळ्याइतक्या गाड्या नाहीत, तिथे गाडीची वेळ पाहून मगच मालकाला कामाची वेळ कबूल करावी.

दादा मात्र बरेच दिवस कुरकुरत होते. मेट्रोचे रोजचे पैसे त्यांना खटकत. तेव्हा पुतणीने वही पुढे केली. महिन्याला मेट्रोचा खर्च एकीकडे, दोन अर्धे दिवस कापले गेले तर जाणारा पगार दुसरीकडे. दादांनी चष्मा लावून दोन्ही बेरजा तपासल्या आणि वही मिटली. पुढे तीही एक पायरी चढली. आम्ही ठरवलेल्या लोकलच्या आधीची लोकल ती धरू लागली. तासभर लवकर उठावे लागते. पण त्या गाडीत बसायला मिळते आणि तेवढ्यात तिच्या स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकाची दहा-बारा पाने होतात. देहूरोड आले की पुस्तक मिटून खिडकीबाहेर पाहते म्हणे. २५ डिसेंबर १९५४ रोजी बाबासाहेबांनी तिथे बुद्धमूर्तीची स्थापना केली, ते आजीने तिला लहानपणापासून सांगितलेले आहे.

पाचव्या महिन्यात एक दिवस पावसाने गोंधळ केला. आधीची लोकलही उशिरा आली आणि कासारवाडीला उभी राहिली ती हलेना. डब्यातल्या बायका घड्याळ बघू लागल्या. पुतणी उतरली, हमरस्त्यावर आली आणि मेट्रोचा जिना चढली. तिच्यामागे आणखी दोघीजणी आल्या. नऊ वाजून सव्वीस मिनिटांनी तिने पेढीवर सही केली. त्या दिवशी पुण्यात राहणारे दोघे तिच्यानंतर आले.

सहा महिने पुरे झाले तेव्हा तिने तिमाही पास काढला. वहिनी आता कॉटचा विषय काढत नाहीत. भिंतीवरचा कागद मात्र वेळापत्रक बदलले की त्या स्वतः नव्याने लिहून लावतात.